रिव्हरवर बेट लावण्याआधी: कॉल कोण करणार?

पोकरमध्ये हरलेले पैसे सगळ्यांना दिसतात. कोणीतरी ब्लफ मारतो, पकडला जातो, समोरचा चिप्सचा ढीग दुसऱ्याकडे सरकतो. जिंकलेल्या डावात जे पैसे मिळू शकले असते आणि मिळाले नाहीत, ते मात्र कोणालाच दिसत नाहीत. शेवटच्या फेरीत चांगली पानं हातात असताना खेळाडू घाबरून चेक करतो, म्हणजे नवे पैसे न लावता पाळी सोडतो, पानं उघडली जातात, पॉट, म्हणजे मध्ये जमलेले सगळे पैसे, त्याच्याकडे येतो आणि तो खूश होतो. समोरच्याने त्या पानांवर आणखी तीस चिप्स विनातक्रार दिले असते, हे त्याच्या लक्षातही येत नाही. ही चूक कुठल्याच हिशेबात उतरत नाही, म्हणून ती वर्षानुवर्षं सुटत नाही. माझ्या मते साधारण खेळाडू आणि चांगला खेळाडू यांच्यातलं सगळ्यात मोठं अंतर इथेच पडतं.

हा लेख नो-लिमिट टेक्सास होल्डेम या प्रकाराबद्दल आहे. ज्यांनी फक्त तीन पत्ती खेळली आहे त्यांच्यासाठी थोडक्यात: प्रत्येकाला दोन पानं मिळतात, ती फक्त त्यालाच दिसतात. मग टेबलावर सर्वांसाठी मिळून पाच पानं उघडली जातात. आधी एकदम तीन, त्याला फ्लॉप म्हणतात. मग एक, तो टर्न. मग शेवटचं एक, तो रिव्हर. या सात पानांतून ज्याची सगळ्यात चांगली पाच पानं बनतात तो जिंकतो. दोन पानं मिळाल्यावर आणि नंतर प्रत्येक टप्प्यावर बेटिंगची फेरी होते. रिव्हरनंतरची फेरी शेवटची.

ही फेरी बाकीच्यांपेक्षा वेगळी असते, कारण आता एकही पान यायचं राहिलेलं नाही. फ्लॉपवर तुमच्याकडे एक्क्यांची जोडी असेल तर बेट लावायला बरीच कारणं असतात. समोरच्याचा फ्लश, म्हणजे एकाच रंगाची पाच पानं, बनायचा बाकी असेल, त्याला पुढचं पान फुकट बघू द्यायचं नसतं. तुमचाच स्ट्रेट, म्हणजे ओळीने पाच पानं, अर्धवट असेल तर बेटने समोरचा पळू शकतो, नाही पळाला तरी तुमचं पान लागू शकतं. रिव्हरवर ही सगळी कारणं संपतात. जो हात पुढे आहे तो पुढेच राहणार, जो मागे आहे तो मागेच. आता बेट लावण्याची दोनच कारणं उरतात: तुमच्यापेक्षा कमजोर हाताने कॉल करावं, म्हणजे तेवढेच पैसे घालून डावात राहावं, किंवा तुमच्यापेक्षा चांगल्या हाताने पानं टाकावीत, म्हणजे डाव सोडावा. दुसरं म्हणजे ब्लफ, पहिलं म्हणजे व्हॅल्यू बेट. या दोन्हींत न बसणारी बेट म्हणजे निव्वळ अस्वस्थता.

आता गफलत कुठे होते ते पाहू. खेळाडू स्वतःला विचारतो, ‘माझा हात पुढे आहे का?’ उत्तर येतं, बहुतेक वेळा आहे, दहातल्या सात वेळा तरी. मग तो बेट लावतो. पण त्या सात वेळांतल्या चार वेळा समोरच्याकडे काहीच नसतं, बेट दिसताच तो पानं टाकतो. त्या चार वेळा तुम्ही चेक केलं असतं तरी पॉट तुमचाच होता, बेटने एक चिपही वाढली नाही. राहिल्या सहा वेळा, ज्यात समोरचा कॉल करणार आहे. त्यातल्या तीनदा तुम्ही जिंकता, तीनदा हरता. म्हणजे सत्तर टक्के वेळा पुढे असूनही त्या बेटमधून हाती आलं शून्य.

म्हणून विचारायचा प्रश्न हा: मी बेट लावली आणि समोरच्याने कॉल केलं, तर त्या कॉल करणाऱ्या हातांपैकी निम्म्याहून जास्त हातांना मी हरवतो का? तुमची पाळी शेवटची असेल, म्हणजे समोरच्याने आधीच चेक केलं असेल, तर नियम इतकाच आहे. निम्म्याहून जास्त असेल तर बेट, कमी असेल तर चेक. पॉट किती मोठा आहे याचा इथे संबंध नाही, कारण पॉटमधले पैसे चेक करूनही तितक्याच वेळा मिळणार आहेत. हिशेब फक्त वर टाकलेल्या नव्या चिप्सचा आहे.

एक डाव जवळून

तुम्ही बटनवर आहात, म्हणजे फ्लॉपपासून पुढे प्रत्येक फेरीत तुमची पाळी शेवटी. हातात बदामचा राजा आणि बदामचा गुलाम. तुम्ही रेझ केलं, म्हणजे रक्कम वाढवली. बिग ब्लाइंडमधल्या, म्हणजे पानं वाटण्याआधीच ठरावीक रक्कम घालावी लागणाऱ्या जागेवरच्या खेळाडूने कॉल केलं. फ्लॉपवर आलं: इस्पिकचा राजा, बदामची नव्वी, चौकटची चव्वी. टर्नवर किलवरची दुर्री. रिव्हरवर इस्पिकची सत्ती. फ्लॉप आणि टर्न दोन्हींवर तुम्ही बेट लावली आणि त्याने कॉल केलं. आता पॉटमध्ये १०० चिप्स आहेत आणि त्याने चेक केलं आहे.

टेबलावर एकाच रंगाची तीन पानं नाहीत, त्यामुळे फ्लश शक्य नाही. नीट पाहिलं तर स्ट्रेटही कोणाचा बनत नाही. तुमच्याकडे राजांची जोडी आणि किकर, म्हणजे जोडीसोबतचं पान, गुलाम. हात चांगला आहे, पण फार मोठा नाही.

समोरच्याकडे काय काय असू शकतं ते कागदावर मांडू. पोकरमध्ये याला रेंज म्हणतात आणि प्रत्येक नेमक्या दोन पानांच्या मेळाला कॉम्बो. चार राजांपैकी एक टेबलावर, एक तुमच्या हातात, म्हणजे बाहेर दोनच राजे उरले. राण्या चारही बाहेर आहेत. म्हणून राजा-राणीचे कॉम्बो दोन गुणिले चार, आठ. हे आठ तुम्हाला हरवतात, कारण किकर राणी आहे. एक्का-राजा असता तर त्याने पहिल्याच फेरीत परत रेझ केलं असतं असं धरू आणि तो सोडून देऊ. दोन जोड्या बनवणारे, एकाच रंगातले राजा-नव्वी, राजा-सत्ती, राजा-चव्वी, राजा-दुर्री मिळून सहा. नव्वी-सत्ती एकाच रंगात, दोन. हातात सत्तीची जोडी, जिचा रिव्हरवर सेट, म्हणजे एकाच आकड्याची तीन पानं, लागला: तीन. नव्वी, चव्वी किंवा दुर्रीची जोडी हातात असेल तर सेट आधीच बनलेला होता. असे नऊ कॉम्बो होतात, पण त्यांतल्या बऱ्याच जणांनी आधीच्या फेऱ्यांत रेझ केलं असतं, म्हणून चार धरू. आठ, सहा, दोन, तीन, चार. तुम्हाला हरवणारे एकूण तेवीस.

आता तुमच्या मागे असलेले. राजा-दश्शी: दोन गुणिले चार, आठ. राजासोबत एकाच रंगातली अठ्ठी, छक्की, पंजी किंवा तिर्री: प्रत्येकी दोन, मिळून आठ. म्हणजे कमजोर किकरचे राजे सोळा. शिवाय नव्वीची जोडी बनवणारे, एकाच रंगातले एक्का-नव्वी, राणी-नव्वी, गुलाम-नव्वी, दश्शी-नव्वी: प्रत्येकी तीन, मिळून बारा.

तुम्ही ७५ चिप्सची बेट लावलीत तर? नव्वीवाला इतकी मोठी रक्कम बघून बहुधा पानं टाकेल. राजेवाले कॉल करतील. म्हणजे कॉल करणाऱ्या ३९ कॉम्बोंपैकी १६ तुमच्या मागे, २३ पुढे. तुम्ही जिंकता ४१ टक्के. प्रत्येक कॉलमागे सरासरी साडेतेरा चिप्सचं नुकसान.

तोच हात, तेच टेबल, पण बेट ३० चिप्सची. आता नव्वीवाल्यालाही वाटतं, एवढ्यात बघून घेऊ. कॉल करणारे ५१ झाले, त्यातले २८ तुमच्या मागे. तुम्ही जिंकता ५५ टक्के. प्रत्येक कॉलमागे सरासरी तीनेक चिप्सचा फायदा. चेक केलं असतं तर या फेरीतून शून्य मिळालं असतं.

तीन चिप्स म्हणजे फार काही नाही असं वाटेल. पण असे प्रसंग रोजच्या खेळात सतत येतात, आणि बहुतेक जण इथे चेक तरी करतात किंवा सवयीने पॉटच्या पाऊणपट बेट तरी लावतात. अशा बारीक फायद्याच्या बेटला थिन व्हॅल्यू म्हणतात. मला ही पोकरमधली सर्वात सुंदर गोष्ट वाटते, कारण तिच्यात ना धाडस आहे ना नशीब. समोरचा माणूस काय घेऊन इथपर्यंत आला असेल याचा शांतपणे केलेला विचार, एवढंच.

वरच्या मोजणीतले सगळे आकडे गृहीतकांवर उभे आहेत. समोरचा माणूस नव्वी घेऊन ७५ लाही कॉल करणारा असेल, तर मोठी बेट लगेच फायद्याची होते: २८ विरुद्ध २३, आणि प्रत्येक कॉलमागे सात चिप्सहून जास्त. उलट तो इतका सावध असेल की नव्वी ३० लाही टाकतो, तर छोटी बेटही तोट्याची. म्हणून बेट किती लावायची हे आपल्या हाताकडे बघून ठरत नाही. कोणते हात कॉल करतील अशी आपली अपेक्षा आहे आणि कोणत्या रकमेपर्यंत, त्यावर ते ठरतं.

रक्कम

तुमचा हात अजिंक्य असेल, म्हणजे नट्स, तर हिशेब सोपा आहे: रक्कम गुणिले कॉल होण्याची शक्यता. १०० च्या पॉटवर ५० लावले आणि साठ टक्के वेळा कॉल झाला तर सरासरी ३० मिळाले. १५० लावले आणि फक्त तीस टक्के वेळा कॉल झाला तरी सरासरी ४५ मिळाले. कॉल निम्म्याने कमी झाले, कमाई मात्र दीडपट. नवखे खेळाडू मोठ्या हातावर छोटी बेट लावतात, कारण त्यांना समोरचा पळून जायची भीती वाटते. पॉटपेक्षा मोठी बेट, म्हणजे ओव्हरबेट, त्यांना उद्धटपणाची वाटते. जानेवारी २०१७ मध्ये पिट्सबर्गच्या रिव्हर्स कॅसिनोत कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या लिब्रॅटस या संगणक प्रोग्रॅमने चार व्यावसायिक खेळाडूंशी १,२०,००० डाव खेळून त्यांना हरवलं, तेव्हा त्याच्या खेळातली लक्षात राहिलेली गोष्ट म्हणजे हे प्रचंड ओव्हरबेट. पॉटच्या कितीतरी पट रक्कम तो सहज पुढे सरकवायचा, कधी सर्वोत्तम हातावर, कधी रिकाम्या हातावर.

या ‘सर्वोत्तम किंवा रिकामा’ गोष्टीचं मूळ फार जुनं आहे. जॉन फॉन नॉयमन या गणितज्ञाने पोकरचं एक अगदी सोपं रूप मांडलं होतं. ऑस्कर मॉर्गेनस्टर्नसोबत त्याने १९४४ मध्ये खेळांच्या सिद्धान्तावर जे लेखन प्रसिद्ध केलं, त्यात पोकरला स्वतंत्र जागा आहे. कल्पना अशी: दोन खेळाडू, प्रत्येकाला शून्य ते एकमधली एक संख्या मिळते, मोठी संख्या जिंकते. पहिला बेट लावू शकतो किंवा चेक करून पानं उघडू शकतो. दुसरा कॉल करू शकतो किंवा सोडू शकतो. रिव्हरसारखीच स्थिती, कारण पुढे काही यायचं नाही.

पॉट १०० आणि बेट ५० धरून हे गणित सोडवलं तर उत्तर असं येतं: पहिल्याने आपले वरचे ३० टक्के हात व्हॅल्यूसाठी लावावेत, अगदी तळातले १० टक्के ब्लफ म्हणून लावावेत आणि मधले ६० टक्के चेक करावेत. दुसऱ्याने वरच्या ६० टक्के हातांनी कॉल करावं. आता हे दोन आकडे शेजारी ठेवा. कॉल करणारे वरचे ६०, बेट लावणारे वरचे ३०. व्हॅल्यू बेटची सीमा कॉल करणाऱ्या रेंजच्या बरोबर मधोमध पडते. मघाचा निम्म्याचा नियम गणितातून आपोआप बाहेर आला. बेट पॉटएवढी, १०० ची केली तर व्हॅल्यूचे हात आक्रसून वरच्या २२ टक्क्यांवर येतात आणि ब्लफ ११ टक्क्यांच्या आसपास राहतात. रक्कम वाढली की कॉल करणाऱ्याची निवड कडक होते, म्हणून लावणाऱ्यालाही जास्त चांगला हात लागतो.

आणि ब्लफ तळातल्या हातांचा का, मधल्यांचा का नाही? मधल्या हाताला पानं उघडूनही जिंकायची संधी असते. ती बेट लावून घालवली तर चांगले हात कॉल करतात, वाईट हात पळतात, आणि हातात काहीच राहत नाही. मधल्या हाताने बेट लावण्याची खोड टेबलावर सगळ्यात जास्त दिसते, ‘निदान आपण कुठे आहोत ते कळेल’ या नावाखाली. रिव्हरवर ते चेक केल्यानेही कळतं, आणि फुकट कळतं.

पाळी आधी असेल तेव्हा

वरचा डाव तुम्ही बिग ब्लाइंडमधून खेळत असता तर गोष्ट गुंतागुंतीची झाली असती. आधी बोलणाऱ्याने चेक केलं तर फेरी संपत नाही, समोरचा बेट लावू शकतो. त्यामुळे तुलना ‘बेट की फुकटात पानं उघडणं’ अशी राहत नाही, ‘बेट की चेक करून पुढचं बघू’ अशी होते. समोरचा हुकलेल्या हातांनी धडाधड ब्लफ मारणारा असेल, तर चेक करून त्याला मारू द्यावं आणि कॉल करावं. ज्या रिकाम्या हातांनी तुमच्या बेटला कधीच कॉल केलं नसतं, त्यांच्याकडून असे पैसे मिळतात. समोरचा शांत, स्वतःहून कधी बेट न लावणारा असेल, तर त्याच्यासाठी चेक करून थांबण्यात अर्थ नाही. आपणच लावावी.

तिसरी वेळ अशी की चेक केलं तर तो ७५ लावेल आणि तुम्हाला नाइलाजाने कॉल करावं लागेल. तिथे आपणच आधी २५-३० ची छोटी बेट लावून त्याला शांत करणं परवडतं. याला ब्लॉक बेट म्हणतात. इथे कॉल करणाऱ्या हातांपैकी निम्म्याहून थोड्या कमी हातांना हरवत असलात तरी बेट बरोबर ठरू शकते, कारण दुसरा पर्याय त्याहून महाग आहे.

आणखी एक गोष्ट मोजणीत नेहमी सुटते: तुमची स्वतःची पानं. राजा उघडलेल्या टेबलावर तुमच्याकडे राजांची जोडी असेल तर तीन राजे तुमचे झाले, बाहेर एकच उरला. राजा-राणीचे कॉम्बो फक्त चार. त्याऐवजी हातात चव्वीची जोडी असेल आणि तिचा सेट लागला असेल, तर बाहेर तीन राजे आहेत आणि राजा-राणीचे कॉम्बो बारा. हात छोटा असूनही पैसे देणारे तिप्पट. मोठ्या सेटला टेबलावर अनेकदा काहीच मिळत नाही, त्याचं कारण दुर्दैव नसतं. तुमच्याच पानांनी गिऱ्हाईक अडवलेलं असतं.

कुठे खेळायचं याबद्दल भारतातल्या वाचकांसाठी दोन वाक्यं. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली, आणि खेळ कौशल्याचा की नशिबाचा हा भेदही ठेवला नाही. पणजीला मांडवीतल्या कॅसिनो बोटींवर पोकर चालतं. पण वर जे काही सांगितलं ते शिकायला एक रुपयाही लावावा लागत नाही. पत्त्यांचा एक कॅट, कागद आणि पेन्सिल घ्या, रिव्हरचं टेबल मांडा, समोरच्याची रेंज लिहा आणि कॉम्बो मोजा. सुरुवातीला एका डावाला अर्धा तास लागतो. सरावाने खेळता खेळता अंदाज येऊ लागतो, आणि मुळात अंदाजच हवा असतो, नेमका आकडा नव्हे.

आता शेवटची अडचण. तुम्ही मघाच्या डावात बटनवरून ३० लावले आणि समोरच्याने १२० पर्यंत रेझ केलं. थिन व्हॅल्यूला लोक याच भीतीने हात लावत नाहीत. पॉटमध्ये आधीचे १००, तुमचे ३०, त्याचे १२०, मिळून २५०. तुम्हाला आणखी ९० द्यायचे आहेत. ९० देऊन एकूण ३४० च्या पॉटसाठी खेळायचं, म्हणजे कॉल परवडायला साडेसव्वीस टक्के वेळा जिंकायला हवं. राजा-राणीवाला इथे फक्त कॉल करेल, रेझ नाही. रेझ करणारे खरे हात म्हणजे दोन जोड्यांचे आठ, सत्तीच्या सेटचे तीन, आधी लपवलेल्या सेटचे चार: पंधरा. त्यांच्या जोडीला त्याच्याकडे किमान सहा कॉम्बो ब्लफचे असतील तरच तुमचा कॉल परवडतो.

ते सहा येणार कुठून? फ्लॉपवर तीन पानं तीन वेगळ्या रंगांची होती, टर्न चौथ्या रंगाचा आला, म्हणजे हुकलेला फ्लश नाहीच. हुकलेले स्ट्रेट म्हणजे राणी-गुलाम, राणी-दश्शी, गुलाम-दश्शी, आणि त्यांना मधलं एक नेमकं पान हवं होतं. तेवढ्यावर टर्नची बेट कॉल करणारे कमी, आणि एक गुलाम तुमच्या हातात असल्याने त्यातलेही काही वजा. शिवाय छोट्या टेबलांवर रिव्हरचा रेझ ब्लफ असणं माझ्या पाहण्यात फार दुर्मीळ. समोर एखादा तरबेज खेळाडू असेल, तुमच्या छोट्या बेट ओळखून त्यांवर मुद्दाम रेझ मारणारा, तर त्याच्याविरुद्ध थिन बेट आधीपासूनच कमी लावाव्यात, निम्म्याऐवजी साठ टक्क्यांची खात्री धरावी. बाकी सगळ्यांविरुद्ध इथे राजा-गुलाम पालथे टाकायचे. ३० चिप्स गेले, आणि ते मघाच्या तेवीस कॉम्बोंच्या हिशेबात आधीच धरलेले होते.